स्कुटीची सोयरीक

आमच्या गावात अनोळखी माणूस आला अन् त्यानं कुणाच्या घराची माहिती इचारली, की दुप्पट सांगायचं. हा ठराव ग्रामपंचायतीत झालेला न्हाई, पर गावात पाळला जाणारा एकच ठराव हाय तो हाच.

कारण साधं हाय. तिशीच्या पुढचे बिनलग्नाचे चौदा पोरं हायेत गावात. समदे शेतीवाले. पोरीकडचे लोक पयले गुपचूप येतेत, सावलीला बसतेत, पाणी पेतेत अन् हळूच इचारतेत, अमक्याचं कसं हाय म्हणून. तवा जो खरं बोलला त्यानं त्या पोराचं वाटोळं केलं. म्हणून दोन एकराचे चार करायचे, पत्र्याच्या घरावर स्लॅब टाकायचा, अन् पोरगा घोट घेत असला तर त्याच्या गळ्यात माळ घालायची. ही अक्कल माझी. मी गिरणीवाला गोपाळ. गावातली पयली सावली माझ्या गिरणीपुढल्या लिंबाची, पाव्हण्याची गाडी तिथंच थांबती, म्हणून हे खातं माझ्याकडं आलं. आजपस्तोर दोघांची लग्नं लावली मी या हिशोबानं. दोघीबी सुना मला बघितलं की पदर ओढून घेतेत. लाजून न्हाई, रागानं.

गिरणीच्या समोर माणिकरावाचं घर. चार एकर कोरडवाहू, दोन खोल्या, वर पत्रे. बायको बायनाबाई, पोरगा सारंग, वय एकतीस, अन् त्याच्या पाठची भक्ती, तेवीसची. भक्तीनं परभणीला राहून रगत तपासायचं शिक्षण घेतलं अन् पालमच्या एका लॅबमधी लागली. पगार नऊ हजार. पर कामाचा टाइम सकाळी साडेसहा, कारण उपाशीपोटी शुगर तपासणारे लोक तांबडं फुटायला दारात उभे असतेत. आमच्या गावाला पयली यष्टी येती साडेनऊला, तीबी आली तर.

मंग सारंगच तिला रोज मोटारसायकलवर सोडायचा. गाडी सोळा वर्षांची. उतारावर चालू व्हायची, चढावर इचार करायची. मार्च लागला, ज्वारी काढणीला आली, अन् ऐन त्याच वक्ताला गाडीचं इंजन जाम झालं. मिस्तरी म्हणला, "याच्यात पैसे घालण्यापरीस हिला देवळापुढं उभी करा, लोक पाया तरी पडतील."

तवापासून भक्ती दुधाच्या टेम्पोत जायला लागली. पाच वाजता, मागं, कॅनांच्या मधात. लॅबमधी पोचंस्तोर तिच्या अंगाला आंबूस वास यायचा. रगत द्यायला आलेली एक बाई तिला म्हणली, "माय, तू डेअरीतली हायस का?" भक्तीनं सुई टोचली. अन् एक दिवस टेम्पो पंक्चर झाला, पोरगी आठ वाजता पोचली. लॅबवाल्या डॉक्टरनं सांगितलं, "एक एप्रिलपासून साडेसहाला हजर पायजे. न्हाई जमत तर आत्ताच सांग, दुसरी पोरगी तयार हाय."

म्हणून स्कुटी घ्यायचं ठरलं. मला मात्र यातलं काहीच मालूम न्हवतं. माणिकरावानं घरात सगळ्यांना बजावलं होतं, गोपाळला सांगू नका. त्याचंबी चुकलं म्हणता येत न्हाई. त्यानं फ्रिज घेतला तवा मी देवळाच्या भोंग्यावरनं पुकारलं होतं, की माणिकरावाच्या घरी सांजच्याला फुकट बरफ मिळंल. चाळीस माणसं भांडे घेऊन आलती.

तर बायनाबाईला भिशी लागली होती, तिचे पंचवीस हजार घेऊन नवरा, बायको अन् भक्ती गंगाखेडला शोरूममधी गेले. पुढचं मला बायनाबाईनंच नंतर सांगितलं.

शोरूमच्या मॅडमनं थंड पाणी दिलं अन् किंमत सांगितली. एक लाख सहा हजार.

माणिकराव म्हणला, "धा वर्षाखाली मी अप्पाराव गुरुजीसंगं आलतो. हीच गाडी, पंचावन्न हजार."

"मामा, तवा सोनं काय भाव होतं?"

"सोनं घ्यायला कोण आलंय? ते जाऊ द्या. यातलं काय काय काढता येतंय ते सांगा. इन्शुरन्स काढा."

"ते निघत न्हाई मामा. नियम हाय. पाच वर्षांचा."

"पाच? माझा सोताचा पाच दिवसांचा न्हाई."

बायनाबाईनं सीटवरनं हात फिरवला. "ह्या सीटाला हे दुसरं सीट कशाला घातलंय?"

"कव्हर हाय मावशी. सहाशे."

"काढा. आमी जुनं लुगडं शिवून घालताव. अन् हे चाकापाशी दांडकं कशाचं?"

"साडी अडकू न्हाई म्हणून जाळी हाय. मागं बसणारासाठी."

"ही तर ड्रेस घालती."

भक्ती म्हणली, "आई, मागं तू बसशील."

बायनाबाईनं जरा दम खाल्ला अन् म्हणली, "मंग ऱ्हाऊ द्या ती जाळी."

मंग हप्त्याचं निघालं. पंचवीस हजार आत्ता, अन् तीन हजार तीनशे पन्नास महिन्याला, छत्तीस महिने. माणिकरावानं खिशातला पेन काढला अन् शोरूमच्याच जाहिरातीच्या कागदावर मागच्या बाजूनं गुणाकार मांडला. दोनदा मांडला.

"मॅडम, एक लाख सहाची गाडी मला एक लाख पंचेचाळीस हजार सहाशेला पडायली."

"सगळ्यांनाच पडती मामा."

"मंग सगळे काहून घ्यायलेत?"

"सगळ्यांनाच जायचं असतं मामा कुठंतरी." मॅडमनं हसून कॅलेंडरावर बोट ठिवलं. "अन् एक तारखेपासून अडीच हजारानं वाढायली. कंपनीचं पत्र आलंय."

"माझ्या ज्वारीचं कवा असं पत्र आलं न्हाई बघा," माणिकराव म्हणला, अन् सहीला पेन हातात घेतला. फाईल भक्तीच्या नावानं झाली, कारण पगार तिचा. मॅडम म्हणली, चार दिवसांत फायनान्सचा माणूस गावात येऊन इचारपूस करील, मंजुरी आली की गाडी न्या.

सोमवारची दुपार होती. लाइट गेल्ती, म्हणून गिरणी बंद. मी लिंबाखाली बसून पापण्यावरचं पीठ झाडायलो होतो. तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली. म्होरं इन केलेला माणूस, तिशीचा, काखेत फाईल. मागं म्हातारा. धुतलेलं पांढरं धोतर, टोपी, अन् डोळ्याला काळा चष्मा. मी मनात म्हणलं, पोरीचा बाप शौकीन दिसायलाय.

"राम राम. माणिकरावांचं घर कोणतं?" तरणा माणूस म्हणला.

"बसा, पाणी घ्या. कुठनं आलाव?"

"पालमकडून. जरा माहिती पायजे होती त्यांच्या घरची. बाकी काही न्हाई." अन् इकडं तिकडं बघून आवाज बारीक केला, "ही गोष्ट आपल्यातच ठिवा."

आता तुमीच सांगा, याच्याहून सोयरीक वेगळी कशी दिसती? मी खिशात हात घालून कुसुमबाईला मिस कॉल दिला. ती माणिकरावाची शेजारीण. माझा मिस कॉल म्हणजे पाव्हणे आले. मंग अप्पाराव गुरुजीला दिला. गुरुजी रिटायर हायेत, माणिकरावाच्या पलीकडं त्यांचं दोन मजली घर हाय, अन् ते दुपारभर ओट्यावरच असतेत.

"माणूस कसा हाय?" त्यानं फाईल उघडली.

"देवमाणूस. सुपारीचंबी खांड खात न्हाई."

"शेती?"

"आठ एकर. बागायती." ठरावाप्रमाणं मी दुप्पट केलं, पाणी माझ्याकडून.

"घर कोणतं?"

मी पत्र्याच्या घरावरनं बोट उचललं अन् गुरुजीच्या माडीवर ठिवलं. "ते दोन मजली."

त्यानं मोबाइल काढून फोटो घेतला. ओट्यावरच्या गुरुजीला इचारलं, "तुमचं घर का हे?" गुरुजी आयुष्यभर पोरांना खरं बोलायचा धडा शिकवलेला माणूस. पापणी न हालवता म्हणले, "छे, मी भाड्यानं राहतो."

म्हातारा गप चहा पेत होता. मी त्याच्याकडंच तोंड करून बोलत होतो, कारण निकाल बापाच्या हातात.

"घरी मुलगी हाय म्हणतेत एक," तरणा माणूस म्हणला. "ती काय करती? कामात टिकून हाय का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नणंद. पोरीकडच्यांना घरात बिनलग्नाची नणंद नको असती. सून आली की हिचंच चालणार, हिच्याच लग्नाला पैसा जाणार. दोन सोयरिकी याच्यावरनं मोडलेल्या मी सोता बघितल्या हायेत. म्हणून हा काटा मुळापासून उपटायचं ठरवलं.

"तिचा काही घोर करू नका. तिचं लग्न ठरलं. वैशाखातली तारीख हाय. पुण्याचा इंजिनियर."

त्याचा पेन थांबला. "अन् नोकरी?"

"सोडायली की. या महिन्याला शेवटचा पगार. तशी गरज न्हवतीच, हौसेनं जायची."

"नक्की ना?"

"मी तिचा काका हाव. माझ्या मांडीवर खेळली पोरगी."

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणला, अन् लय वेळ लिहीत बसला. माझी छाती अशी भरून आली म्हणता, लाइट आली असती तर पट्ट्याशिवाय गिरणी चालवली असती.

तोवर कुसुमबाई सूप घेऊन बाहेर आली. माझा आकडा आधीच दुप्पट हाय हे तिला ठाऊक न्हवतं. तिनं आठाचे सोळा केले. "म्हशी धा. गाड्या? एक हाय का दोन, मला तर मोजता येईना. एक चारचाकी पुण्याला असती. कर्ज? माय, तेच लोकांना देतेत."

निघताना म्हातारा पयल्यांदा बोलला. चष्म्यातूनच माझ्याकडं बघून म्हणला, "लय गोड माणसं हाव तुमी."

मी सायकल काढली अन् थेट माणिकरावाच्या शेतात गेलो. उन्हाचा नुसता जाळ. तिघं ज्वारी उपटायले होते. मजूर मिळंना, म्हणून घरचेच. एका हातानं ज्वारीचं उभं ताट धरायचं, कमरेतून हिसका द्यायचा, मुळावरची माती पायावर आपटून झाडायची, अन् मागं आडवं टाकायचं. सारंगच्या तळहाताला फोड येऊन फुटले होते, त्याच्यावर त्यानं चिंधी गुंडाळली होती. बायनाबाईच्या मानंवर कुसळानं लाल रेघा उठलेल्या.

"पेढे आणा," मी बांधावरनंच म्हणलं. "पाव्हणे येऊन गेले. सारंगचं जमलं समजा."

सारंग ताठ उभा राहिला. चिंधीनंच तोंड पुसलं. बायनाबाईनं पदर सावरला, जसे काही पाव्हणे शेतात उभे हायेत. "कुठले होते?"

"पालमकडचे. पोरीचा बाप काळा चष्मा घालतो, त्याच्यावरनं घर ओळखा. अन् पोरीचा भाऊ, लय टापटीप. इन केलेला, हातात फाईल, घराचा फोटोबी काढला."

माणिकरावाच्या हातातलं ताट हातातच राहिलं. "फाईल?"

"निळी. समदं लिहून घेतलं."

तो मटकन पेंढीवर बसला. "गोपाळ, काय काय सांगितलंस?"

"आठ एकर."

"बरं."

"गुरुजीची माडी तुमची केली."

"बरं. अजून?"

"भक्तीचं लग्न लावलं वैशाखात. नोकरी सोडली तिनं."

बायनाबाईनं कपाळाला हात लावला, हाताची माती कपाळाला राहिली. मंग त्यांनी मला स्कुटीचं सांगितलं. शोरूम, भिशी, एक तारीख, समदं. मी बांधावर बसलो. खाली मुंगळे होते, तरी उठलो न्हाई.

थोड्या वेळानं सारंग म्हणला, "म्हणजे माझ्यासाठी कुणी आलं न्हवतं का?"

मी चप्पल काढली अन् अंधार पडंस्तोर त्यांच्यासंगं ज्वारी उपटली. तीन ओळी उपटल्या. कंबर धरली ती अजून सोडली न्हाई.

सांजच्या यष्टीनं भक्ती आली. तिला पालमलाच फोनवर कळलं होतं, फाईल वापस. घरी जायच्या आधी ती गिरणीवर आली. मला वाटलं शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका, माझं लग्न कुणासंगं लावलं ते तरी सांगा."

"पुण्याचा इंजिनियर."

"पगार किती त्याला?"

"सत्तर हजार," मी खालच्या मानंनं म्हणलं.

"मंग त्यालाच सांगा हप्ते भरायला." अन् जायला वळली ती परत फिरली. "तीन वर्षं परभणीत एक वेळ जेवून शिकले काका. एक तारखेला पोचले न्हाई तर ती खुर्ची गेली माझी."

तिच्या ड्रेसच्या खालच्या काठाला दूध वाळून कडक झालेलं होतं. मी ते बघत राहिलो.

सकाळी पाचला मी तिच्यासंगं दुधाच्या टेम्पोत बसलो. बसलो कसला, दोन कॅनांच्या मधात अडकलो. प्रत्येक खड्ड्याला झाकणातून दूध उडायचं, ते बरोबर माझ्या मांडीवर. पालमला उतरलो तवा माझ्या धोतराला दोन कुत्री वास घ्यायली होती. भक्ती म्हणली, "रोजचंच हाय," अन् लॅबकडं गेली. धाला एक घंट्याची सुट्टी घेऊन आली, मंग आमी फायनान्सच्या हापिसात गेलो. चपलांच्या दुकानावरची एक खोली. तोच इन केलेला माणूस बसला होता. त्याचं नाव बालाजी.

मला बघून त्यानं खुर्चीसुद्धा दाखवली न्हाई. "या, पोरीचे काका. तुमच्यामुळं साहेबांनी मला अर्धा घंटा झापलं. अर्जावर चार एकर, तुमच्याकडं आठ, शेजारणीकडं सोळा. अजून एक घर इचारलं असतं तर अख्खं गाव त्यांच्या नावावर निघालं असतं."

"साहेब, तुमी आधीच सांगायचं की फायनान्सचे म्हणून."

"कंपनीचा नियम हाय, शेजाऱ्याला सांगायचं न्हाई."

"अन् ते संगं काळा चष्मावाले?"

"मामा हाय माझा. मोतीबिंदू काढला. डोळे तपासून घरी सोडायलो होतो."

मी समदं खरं सांगितलं. चौदा पोरं, ठराव, नणंद. बालाजी आधी तोंड वाकडं करून ऐकत होता. नणंदेपाशी आला तवा त्यानं फाईल तोंडापुढं धरली, पर खांदे हालायले ते दिसलंच. मंग म्हणला, "माझंबी जमंना तीन वर्षं झालं. आमच्या गावात तुमच्यासारखा एक पायजे होता." अन् लगेच परत साहेबाचा आवाज काढला. "फाईल परत उघडता येईल. पर आता जामीनदार लागंल. गावातला, सोताचा धंदा असलेला. हप्ते थकले तर त्याच्याकडून घेणार."

भक्ती माझ्याकडं बघायली.

"मी?" मी म्हणलं.

"लग्न लावताना इचारलं होतं का मला?" ती म्हणली.

मी आधार कार्ड काढून टेबलावर ठिवलं. बालाजी म्हणला, "उद्या परत येतो. या वक्ताला जामीनदाराची माहिती घेणार. एक जरी खोटं निघालं, फाईल कायमची बंद."

सांजच्याला गिरणीवर दळणाला आलेल्या सगळ्यांना मी सांगितलं, "उद्या पाव्हणा येणार. खरं सांगायचं."

कुसुमबाई म्हणली, "खरं म्हणजे किती खरं?"

"समदं."

"तुझ्याबद्दल?"

"माझ्याच बद्दल."

बाया एकमेकीकडं बघायल्या. अप्पाराव गुरुजीनं चष्मा काढून पुसला. अशी खुशी मी त्या तोंडांवर दिवाळीलाबी बघितली न्हवती.

दुसऱ्या दिवशी बालाजी आला. मला गिरणीच्या आत, पोत्यामागं बसायला लावलं, कारण माझ्यापुढं कुणी मोकळं बोलणार न्हाई म्हणे. उगं भीती. असे मोकळे बोलले की इचारू नका.

कुसुमबाई पयली. "गोपाळ ना? माझ्या लाल कोंबड्याला पीठ चोपडून पांढरा केला यानं. मी तीन दिवस दुसऱ्याचा समजून दगडं मारायले. सोताच्या कोंबड्याला."

गुरुजी म्हणले, "माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात यानं भाषण केलं. सगळ्यांना दोन मिनिटं उभं करून मला श्रद्धांजली वाहिली. माझी बायको रडली."

माणिकरावाला इचारायची गरज न्हवती, तरी तो येऊन फ्रिजचं सांगून गेला.

बालाजी लिहीत होता का न्हाई कुणास ठाऊक. "ते झालं. पैशाला कसा हाय?"

मंग कुसुमबाई म्हणली, "पैशाला खरा हाय. पीठ मापात देतो. माझा नवरा दवाखान्यात होता तवा दोन महिने दळण फुकट दळलं, अन् कुणाला सांगितलं न्हाई. आता मीच सांगायले."

मी पोत्यामागं नाक पुसलं. पिठाचा तरास हाय मला.

तेवढ्यात आमची कडूबाई आली, माझी बायको. कंबरंला चाव्या. "त्याला काय इचारायलाव? त्याच्या हातात पैसा ऱ्हात न्हाई. गिरणीचा गल्ला रोज सांजच्याला मी घेते. त्याला वीस रुपये देते, त्यातबी हिशोब इचारते."

बालाजीनं मान वर केली. "म्हणजे मावशी, हप्ता थकला तर पैसे तुमच्याकडून यायचे?"

"थकू कशाला देईन? पोरगी समोरच राहती की."

तो म्हणला, "मावशी, सही तुमची घेतो." अन् घेतली. माझी सही त्याच्या खाली, बारक्या जागंत.

जाता जाता बालाजीनं बायनाबाईला इचारलं, "लेकीचं लग्नाचं कसं?"

"हप्ते फिटल्याशिवाय न्हाई."

"अन् त्याच्यानंतरबी मला इचारून," भक्ती म्हणली.

तीस तारखेला मंजुरी आली. एकतीसला सारंग अन् भक्ती गाडी घेऊन गावात आले, निळी, हँडलला हार. बायनाबाईनं चाकाखाली लिंबू ठिवलं, ओवाळलं, अन् गाडीच्या कपाळाला हळदकुंकू एवढं लावलं की लाइट दिसंना. माणिकराव लांबूनच बघत होता. जवळ यायला भीत होता जसं काही. मंग आला, अन् खांद्यावरच्या रुमालानं चाकाचा चिखल पुसला. चिखल न्हवताच.

एक तारखेला सकाळी त्यानं सोता शोरूमला फोन लावला. "मॅडम, आज काय भाव?" फोन ठिवला अन् गावभर सांगत सुटला, "एक लाख साडेआठ झाली. बसल्या जागी अडीच हजार कमावले." त्या खुशीत हाटेलात नऊ जणांना चहा पाजला. कमाईतून नव्वद वजा.

पर माझी झोप गेली. छत्तीस महिने माझं नाव त्या कागदावर, अन् वर बायकोचं. भक्तीनं नोकरी सोडली, का पडली, का खरंच एखादा इंजिनियर आला, तर कडूबाई माझे वीस रुपये बंद करणार. जो मी आठाच्या आधी अंथरूण सोडत न्हवतो, तो रोज पावणेसहाला गिरणीपुढं उभा राहायला लागलो. माणिकरावाच्या दाराची कडी वाजती, स्कुटी बाहेर येती, भक्ती मान हालवून फाट्याकडं वळती. लाल दिवा दिसंना झाला की मंग मी तोंड धुतो.

पयल्याच आठवड्यात एक दिवस कडी वाजली न्हाई. सहा झाले, सव्वासहा झाले. मी जाऊन दार वाजवलं. भक्ती डोळे चोळत आली.

"काय ओ काका?"

"गेली न्हाईस? बरं हाय ना? डॉक्टर काही बोलला का?"

"काका, आज ऐतवार हाय."

मी म्हणलं, "ऐतवारी कुणाचं रगत तपासायचं नसतं का? एखादा तरी असंल की."

ती माझ्याकडं बघत राहिली. मंग आत गेली अन् लॅबची पिशवी घेऊन आली. "हाय ना एक. बसा इथं." मी नको नको म्हणंस्तोर तिनं माझं बोट धरून टोचलं. बारक्या मशीनवर आकडा आला. तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

"उपाशीपोटी हाव ना?"

"चूळबी भरली न्हाई अजून."

"दोनशे दहा. काका, तुमाला साखर हाय."

"मशीनला दुप्पट सांगायची सवय लागली असंल."

"उद्या उपाशी लॅबला या, परत बघूत. अन् रोज घरोघरी जाऊन चहा पेता ते आजपासून बंद. चालायला लागायचं."

"कुठं चालायचं? गिरणीपासून घर धा पावलावर."

"फाट्यापर्यंत. रोज. मी निघायच्या टायमाला."

"भक्ते, मी जामीनदार हाव, तुझा नोकर न्हाई."

"म्हणूनच म्हणायले. जामीनदार छत्तीस महिने टिकला पायजे."

मला वाटलं मस्करी असंल. सोमवारी साडेपाचलाच कडी वाजली. भक्तीनं गाडी चालू करून माझ्या पाठीमागं आणून उभी केली. ओट्यावर कुसुमबाई, गुरुजी, माणिकराव, समदे आधीच येऊन बसलेले. त्यांना कुणी सांगितलं होतं ते मी इचारलं न्हाई. मी चप्पल घट्ट केली, जरा थांबून बघितलं, म्हणलं ओलांडून जाते का.

मागून हॉर्न वाजला. मी पाय उचलला.